लोरेटा लिन: खाणकामगाराच्या मुलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्या लोकांना लोरेटाची गाणी ऐकवायला लागलो की तेच तेच प्रश्न येतात. कुणी सिनेमा पाहिलेला असतो, कुणी 'गोळीवरचं गाणं' एवढंच ऐकून असतं, कुणाला तिच्या लग्नाच्या वयाचा धक्का बसलेला असतो. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. आवडत्या गाणाऱ्याला आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून इथे ती 'ती'च आहे.

लोरेटा लिन म्हणजे नेमकी कोण?

अमेरिकन कंट्री संगीतातली गायिका आणि गीतकार. जन्म 14 एप्रिल 1932, केंटकी राज्यात. मृत्यू 4 ऑक्टोबर 2022, टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथे, वयाच्या 90 व्या वर्षी. मधल्या काळात तिने काय केलं याचं एका वाक्यातलं उत्तर असं: बायका स्वयंपाकघरात एकमेकींशी जे बोलत होत्या ते तिने जसंच्या तसं गाण्यात घातलं आणि रेडिओवर नेलं.

कंट्री म्हणजे तिकडचं लोकसंगीत का?

मूळ तिथलंच, पण दोन्ही एक नव्हेत. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून आलेल्या लोकांची गाणी आणि फिडल, कृष्णवर्णीयांचा ब्लूज आणि बँजो, चर्चमधली भजनं असं सगळं अमेरिकेच्या दक्षिणेत आणि अपालाचियन डोंगरांत मिसळत गेलं. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्या आणि रेडिओ आल्यावर त्याचा धंदा झाला. 1925 साली टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराच्या रेडिओवर सुरू झालेला आणि पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने गाजलेला शनिवार रात्रीचा कार्यक्रम आजही चालू आहे. कंट्रीत चाल साधी असते आणि शब्दांना मान असतो. गाण्यात गोष्ट असावी लागते, आणि ती पहिल्या ऐकण्यात कळावी लागते. लोरेटाला हे गणित शिकवावं लागलं नाही.

'बुचर होलर' हे काय प्रकरण आहे?

नकाशावर 'बुचर हॉलो', तिथल्या बोलीत 'होलर'. दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, तळाशी ओढा आणि ओढ्याच्या कडेने विखुरलेली घरं, याला तिकडे होलर म्हणतात. पूर्व केंटकीत व्हॅन लिअर नावाचं गाव कोळसा कंपनीनेच वसवलं, आणि ही घळ त्याच्या जवळची.  तिथली अर्धी वस्ती एकमेकांची सोयरी होती.

आठ भावंडांत लोरेटा दुसरी. वडील टेड वेब रात्रपाळीला खाणीत उतरायचे आणि दिवसा डोंगरउतारावरच्या तुकड्यात शेती करायचे. आई क्लारा. लाकडी घर, भिंतींना थंडी अडवायला चिकटवलेली वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं. लोरेटा हे नावही सिनेनटी लोरेटा यंगवरून ठेवलेलं. रेडिओ बॅटरीवर चालायचा, त्यामुळे तो जपून वापरायचा आणि शनिवारी रात्री ऑप्रीला लावायचा. शाळा आठवीच्या आसपास संपली.

वडिलांच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ बसली होती. 'ब्लॅक लंग' म्हणतात तो आजार. 1959 साली, वयाच्या 52 व्या वर्षी, पक्षाघाताने ते गेले. लोरेटाची पहिली रेकॉर्ड निघाली 1960 मध्ये. ज्या माणसामुळे तिचं सगळ्यात मोठं गाणं झालं, त्याने तिचं एकही गाणं रेडिओवर ऐकलं नाही. खाणकामगारांना या आजाराची नुकसानभरपाई देणारा केंद्रीय कायदा यायलाही 1969 साल उजाडलं.

तिचं लग्न खरंच तेराव्या वर्षी झालं होतं का?

नाही. आणि ही चूक इतरांची नाही, तिची स्वतःचीच.

आत्मचरित्रात आणि मुलाखतींत ती वर्षानुवर्षं 'तेरा' सांगत आली. सिनेमाही त्याच आकड्यावर उभा आहे. 2012 साली असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहराने केंटकीतले जन्माचे आणि लग्नाचे दाखले काढले. जन्म 1932, लग्न 10 जानेवारी 1948. म्हणजे नवरीला सोळा पूर्ण व्हायला तीन महिने कमी होते. नवरा ऑलिव्हर लिन 21 वर्षांचा, नुकताच सैन्यातून परतलेला. त्याला सगळे 'डूलिटल' किंवा नुसतं 'डू' म्हणत. चोरटी दारू, तिकडच्या भाषेत 'मूनशाईन', पोचवण्याच्या धंद्यावरून 'मूनी' असंही एक नाव पडलेलं.

कारण काय असावं? कलाकाराने, त्यातही बाईने, वयातली तीन वर्षं खाणं ही त्या धंद्यातली जुनी रीत. वय तीनने कमी केलं की लग्नाचं वयही आपोआप तीनने घसरतं. मला यात मोठी लबाडी दिसत नाही, पण एक मात्र खरं: पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी पहिलं मूल, गरोदरपणी माहेरापासून हजारो मैल दूर, ही खरी हकीकतच पुरेशी अंगावर येणारी होती. तिला मसाला लावायची गरज नव्हती.

दोघांची गाठ पडली ती शाळेतल्या 'पाय सोशल'मध्ये. पाय (pie) म्हणजे आत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ; मुलींनी तो करून आणायचा, पोरांनी बोली लावायची. डूने सगळ्यात मोठी बोली लावून लोरेटाने केलेला पाय घेतला. तिने त्यात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, असं ती स्वतःच हसत सांगायची. महिन्याभरात लग्न.

गायला कधी लागली?

घरात भावंडांना झोपवताना गायचीच. पण धंदा म्हणून विचारत असाल तर सुरुवात वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावात झाली. कॅनडाच्या सीमेलगत. लग्नानंतर डू कामाच्या शोधात तिथे गेला आणि पाठोपाठ तिला बोलावून घेतलं. शेतमजुरी, स्ट्रॉबेरी तोडणं, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी, आणि विशीच्या सुमाराला चार मुलं.

1953 साली डूने सिअर्स या दुकानातून तिला हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली, 17 डॉलरची. बायको घरात गुणगुणते ते रेडिओवरच्यांपेक्षा चांगलं आहे, असं त्याचं ठाम मत. तिला स्वतःला तसं अजिबात वाटत नव्हतं. ती आपली आपणच सूर जुळवत शिकली, गाण्यांचे शब्द छापणारी मासिकं वाचायला लागली आणि हे आपल्यालाही जमेल असं म्हणून लिहायला बसली. मग स्थानिक दारूगुत्त्यांत गाणं, 'ट्रेलब्लेझर्स' नावाचा वाद्यवृंद, आणि टॅकोमात कंट्री गायक बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमातली स्पर्धा. तिथे बक्षिसात मनगटी घड्याळ मिळालं.

तिला ऐकून नॉर्म बर्ली नावाच्या व्हँकूवरच्या लाकूड व्यापाऱ्याने पैसे घातले. 'झिरो रेकॉर्ड्स' ही इवलीशी कंपनी. रेकॉर्डिंग हॉलिवूडला झालं, स्टील गिटारवर स्पीडी वेस्टसारखा नामवंत वादक मिळाला आणि मार्च 1960 मध्ये 'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल' बाहेर आलं. दारूच्या गुत्त्यात बसून रडणाऱ्या एका बाईवरून सुचलेलं, तिचं स्वतःचं गाणं.

जाहिरातीला पैसे नव्हते. म्हणून नवरा-बायकोने रेकॉर्डींच्या थप्प्या गाडीत टाकल्या आणि गावोगावची रेडिओ केंद्रं पालथी घातली. रात्री गाडीतच झोप, जेवणाला सँडविच. ती केंद्रात शिरायची आणि निवेदकाला म्हणायची, माझं एवढं गाणं लावा. बिलबोर्ड मासिकाच्या गाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते गाणं 14 व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला ती ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली, आणि 1962 मध्ये ऑप्रीची सभासद झाली.

पॅट्सी क्लाईनशी तिची मैत्री कशी जमली?

जून 1961 मध्ये त्या काळची गाजलेली कंट्री गायिका पॅट्सी क्लाईन मोटार अपघातात जबर जखमी होऊन नॅशव्हिलच्या रुग्णालयात होती. कंट्री गायक अर्नेस्ट टब यांच्या रेकॉर्डच्या दुकानातून मध्यरात्री रेडिओवर जाणारा कार्यक्रम असायचा. तिथे नवख्या लोरेटाने पॅट्सीचंच गाजत असलेलं गाणं तिच्या नावाने गायलं. पॅट्सीने ते पलंगावरून ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, त्या मुलीला घेऊन ये.

पुढे मैत्रिणीने धाकटीचं करावं तसं पॅट्सीने तिचं केलं. कपडे दिले, आयोजकांशी पैशाचं कसं बोलायचं ते शिकवलं, मंचावर कसं उभं राहायचं ते दाखवलं. ही मैत्री दोन वर्षंही पुरली नाही. 5 मार्च 1963 रोजी टेनेसीत विमान कोसळून पॅट्सी गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी. आणि 1977 साली पॅट्सीच्या गाण्यांचा अख्खा अल्बम तिने गायला.

गाणी ती स्वतःच लिहायची का?

सगळी नाही, पण तिची ओळख ठरलेली बरीचशी तिचीच. 'वन्स ऑन द वे' हे गरोदर गृहिणीचं गाणं इतकं लोरेटाचं वाटतं की लोक पैजेवर सांगतात तिनेच लिहिलं म्हणून. ते लिहिलं एका पुरुषाने, शेल सिल्व्हरस्टाईन याने. 'द पिल', म्हणजे ते गोळीवरचं गाणं, हेही मुळात दुसऱ्यांनी लिहिलेलं.

सुचायचं कसं? घरातून आणि मंचामागून. एकदा कार्यक्रमाआधी एक बाई तिला भेटायला आली, डोळे पुसत. म्हणाली, माझा नवरा समोरच्या रांगेत दुसरीला घेऊन बसलाय. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळलं आणि तिला सांगितलं, ही तुझा नवरा पळवण्याएवढी बाई नव्हे. हे बोलली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन थोड्याच मिनिटांत गाणं लिहून काढलं. 1966 सालचं 'यू एंट वूमन इनफ', दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं.

आता यातली गंमत पाहा. कंट्रीत तोवर फसवल्या गेलेल्या बाईने रडायचं, अशी रीत. लोरेटाची बाई रडत नाही. सवतीला समोर उभी करून ती सुनावते. पाठोपाठ, बहिणीसोबत लिहिलेलं 'डोंट कम होम अ-ड्रिंकिन': दारू पिऊन घरी यायचं आणि वर जवळीकही हवी, हे चालायचं नाही, असं नवऱ्याला बजावणारं. 1967 च्या सुरुवातीला ते पहिल्या क्रमांकावर गेलं, तिचं पहिलंच. 1968 च्या 'फिस्ट सिटी'त तर डूच्या मागे लागलेल्या बाईला सरळ मुठी दाखवल्या आहेत.

आपल्याकडे जात्यावर बसून सासरचं गाऱ्हाणं ओवीत घालायची रीत होती, तीच जातकुळी. पण जात्यावरची ओवी घराच्या भिंतीआड राहायची. इथे नवरा ट्रक चालवता चालवता रेडिओवर ऐकत होता.

भाषेबद्दल एक निरीक्षण. तिच्या गाण्यांत उपमा फार नाहीत. आहे ते बोलणं, केंटकीच्या हेलात, यमक जुळेल इतकंच वळवलेलं. लिहिताना ती कुणासारखी व्हायला गेली नाही.

'कोल मायनर्स डॉटर' एवढं गाजलं कशामुळे?

त्यात काही घडतच नाही, म्हणूनच. प्रेम नाही, दगा नाही, भांडण नाही. घर, वडिलांची मजुरी, आईने धुण्याच्या फळीवर घासलेले कपडे, उन्हाळ्यात अनवाणी पाय, हिवाळ्यात कॅटलॉगमधून मागवलेले बूट. ती एकेक वस्तू पुढे ठेवत जाते. गरिबीचं रडगाणंही नाही आणि गरिबीचा बडेजावही नाही.

लिहिलं तेव्हा ते बरंच लांब होतं. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी काही कडवी काढायला लावली, कारण एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही. कापलेली कडवी पुन्हा कधी आठवली नाहीत याची हळहळ तिला शेवटपर्यंत होती. मला ब्रॅडली यांचं पटतं. आहे त्या लांबीत एक शब्द जास्तीचा नाही.

रेकॉर्डिंग 1969 चं, प्रकाशन ऑक्टोबर 1970, डिसेंबरात पहिला क्रमांक. आणि त्याच डिसेंबरच्या 30 तारखेला केंटकीत हायडन गावाजवळ हरिकेन क्रीकच्या खाणीत स्फोट होऊन 38 कामगार ठार झाले. देशभर खाणकामगाराच्या मुलीचं गाणं वाजत असताना तेवढ्या घरांतली मुलं पोरकी झाली. लोरेटाने त्यांच्या मदतीसाठी 1971 मध्ये लुईव्हिलला कार्यक्रम केला.

'द पिल'वर बंदी का आली?

गाण्यातली बायको नवऱ्याला म्हणते, दरवर्षी मला बाळंत केलंस आणि स्वतः हिंडलास, आता माझ्याकडे गोळी आहे. खुराडं, कोंबडी, अंडी असल्या शेतघरच्या शब्दांत. चाल उडती, सूर मिस्कील.

अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला 1960 साली मान्यता मिळाली. विवाहितांचा ती वापरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये मान्य केला, अविवाहितांचा 1972 मध्ये. लोरेटाने गाणं रेकॉर्ड केलं तेही 1972 मध्येच. पण कंपनीने ते दाबून ठेवलं आणि 1975 साली बाहेर काढलं. अनेक कंट्री केंद्रांनी ते लावायला नकार दिला, पाद्र्यांनी व्यासपीठावरून झोडपलं. तरी कंट्री यादीत पाचवं आलं, आणि सर्वसाधारण 'हॉट 100' यादीत 70 वं. तिच्या एकटीच्या गाण्यांत पॉप यादीवर एवढं वर दुसरं कुठलंच गेलं नाही. बंदीने खप वाढतो, हे तिकडेही खरंच.

ग्रामीण भागातले डॉक्टर आपल्याला भेटून सांगतात की सरकारी पत्रकांनी झालं नाही ते या गाण्याने केलं, असं ती मुलाखतींत अभिमानाने सांगायची. तिला स्वतःला सहा मुलं. मुलांवर जीव होता, पण गोळी आधी मिळाली असती तर घेतली असती, हेही तिने कधी लपवलं नाही.

मग ती स्त्रीवादी होती का?

हे लेबल तिने लावून घेतलं नाही. टीव्हीवरच्या एका चर्चेत स्त्रीमुक्तीच्या नेत्या बेटी फ्रीडन बोलत असताना आपल्याला डुलकी लागली, हा किस्सा तिनेच सांगितलेला. राजकारणात ती पुढे रिपब्लिकन उमेदवारांच्या बाजूने उभी राहिली, 2016 साली ट्रम्प यांच्याही. घटस्फोटितेकडे समाज कसा पाहतो यावर 'रेटेड एक्स' लिहिणारी आणि व्हिएतनामच्या काळात सैनिकाच्या बायकोचं 'डिअर अंकल सॅम' लिहिणारी हीच. तिला कुठल्या एका खणात बसवायचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाला, आणि ती बसली नाही.

नवरा दारू प्यायचा, बाहेरख्याली होता. मग तिने त्याला सोडलं का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात रागही असतो.

डूने तिला मारलंय. तीही उलट मारायची, एकाला दोन, असं तिने लिहून ठेवलंय. बायकांची लफडी होती, आणि त्यातूनच अर्धी गाणी आली. दुसरीकडे, गिटार आणणारा तो, मंचावर ढकलणारा तो, रेकॉर्डी घेऊन रात्र-रात्र गाडी चालवणारा तो. माझ्यावर माझ्याआधी त्याचा विश्वास होता, असं ती म्हणायची. मधुमेहाने तो खंगला तेव्हा तिने कार्यक्रम जवळपास बंद करून त्याचं केलं. ऑगस्ट 1996 मध्ये तो गेला. 48 वर्षांचा संसार.

याला थोर प्रेमकथा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या, आठवी शिकलेल्या, चार पोरांच्या बाईपुढे 1950 च्या दशकात काय काय वाटा होत्या, हेही विचारणाऱ्याने स्वतःला विचारावं.

एवढी गाणी गाजली, म्हणजे अफाट पैसा मिळाला असेल ना?

मिळाला, पण जिथून मिळायला हवा होता तिथून नाही. हे जरा नीट समजून घ्या, कारण तिच्या चरित्रांत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकतात.

अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गायकाला त्याबद्दल काहीच मिळत नाही. पैसे मिळतात गीतकाराला आणि गाण्याच्या प्रकाशकाला, ढोबळमानाने निम्मे-निम्मे. प्रकाशक म्हणजे गाण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे तो. उद्या दुसऱ्याने ते गाणं गायलं, सिनेमात घेतलं, तरी पैसा याच वाटेने वाहतो. म्हणजे गीतकाराची खरी जमीन म्हणजे प्रकाशन हक्क.

लोरेटा नॅशव्हिलला आली तेव्हा विलबर्न ब्रदर्स या गायक भावंडांनी तिला हाताशी धरलं. त्यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमात तिला झळकवलं. डेका कंपनीचा करारही त्यांनीच मिळवून दिला, आणि तो कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. लोरेटाच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं एका गाण्याचं नमुना रेकॉर्डिंग त्यांनी ओवेन ब्रॅडलींना ऐकवलं. ब्रॅडलींना गाणं डेकाच्याच गायिका ब्रेंडा लीसाठी हवं होतं, ही नवी गायिका नको होती. विलबर्न अडून बसले: गाणं हवं तर मुलगीही घ्या.

पण त्याच विश्वासाच्या भरात तिने आपल्या गाण्यांचे प्रकाशन हक्क त्यांच्या 'शुअर-फायर' कंपनीला लिहून दिले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती त्यांच्यापासून वेगळी झाली, कोर्टकज्जे सुरू झाले, आणि तीसेक वर्षं झगडूनही हक्क परत मिळाले नाहीत. 'कोल मायनर्स डॉटर'सुद्धा त्यातच.

याचा परिणाम तिच्या गाण्यांच्या यादीत उघड दिसतो. 1970 च्या दशकात पुढे पुढे तिची स्वतःची गाणी आटत जातात. लिहिलं की अर्धा पैसा दुसऱ्याच्या खात्यात, म्हणून तिने लिहिणंच सोडलं. लोक समजतात प्रतिभा आटली. मुळात ती वही मिटून बसली होती. माझ्या मते कंट्री संगीताचं याहून मोठं नुकसान कुठल्या बंदीने केलं नाही.

कॉन्वे ट्विटीशी तिचं काही होतं का?

नाही. कॉन्वे हा कंट्री गायक, आणि दोघांचं जोडगीत इतकं जमायचं की लोकांना तसं वाटायचं. 1971 ते 1975 या काळात दोघांची सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. 'आफ्टर द फायर इज गॉन'ला ग्रॅमी. 1993 मध्ये तो गेला.

सिनेमा कितपत खरा आहे?

आत्मचरित्र 1976 चं, पत्रकार जॉर्ज व्हेसी यांच्या मदतीने लिहिलेलं. त्यावरचा सिनेमा 1980 चा, दिग्दर्शक मायकेल अ‍ॅप्टेड. लग्नाच्या वयाचं वर आलंच. बाकी वातावरण, बोली, खाण, घर यांत तो फार सच्चा आहे. आपल्या भूमिकेसाठी सिसी स्पेसेकला लोरेटाने फोटो पाहून निवडलं होतं. सिसी तिच्यासोबत हिंडली, तिचा हेल उचलला आणि सगळी गाणी स्वतःच्या आवाजात गायली. तिला ऑस्कर मिळालं. टॉमी ली जोन्सचा डू तुम्हाला आवडतो आणि त्याच वेळी त्याचा रागही येतो. वडिलांचं काम 'द बँड' या रॉक वाद्यवृंदाचा ढोलकिया लेव्हन हेल्म याने केलंय, तेवढ्यासाठीही पाहा.

क्रिस्टल गेल तिची कोण?

सख्खी धाकटी बहीण. खरं नाव ब्रेंडा. कंपनीत आधीच एक ब्रेंडा (ली) होती, म्हणून नवं नाव हवं होतं. लोरेटाने 'क्रिस्टल' नावाच्या हॅम्बर्गरच्या दुकानाची पाटी पाहून ते सुचवलं. माझ्यासारखं गाऊ नकोस, तशी मी आहेच, हा सल्लाही तिचाच. बहिणीने तो मानला आणि 1977 मध्ये पॉप यादीतही वर गेली.

म्हातारपणी रॉकवाल्या पोरासोबत अल्बम केला, तो हाच का?

हो, 'व्हॅन लिअर रोझ', 2004. लोरेटा 72 वर्षांची, निर्माता जॅक व्हाईट तिशीही न गाठलेला. त्याच्या 'व्हाईट स्ट्राईप्स' या रॉक बँडने आपला 2001 चा अल्बम तिला अर्पण केला होता, तिथून ओळख. गाणी बहुतेक सगळी तिनेच लिहिलेली. मिटलेली वही उघडली ती अशी. गिटार खरखरीत, आवाज मात्र तोच, एक पट्टीही खाली नाही. दोन ग्रॅमी मिळाल्या. पूर्वीच्या चाहत्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. मी आधी त्यांच्यातलाच होतो, तिसऱ्यांदा ऐकल्यावर पक्ष बदलला.

पुरस्कार वगैरे?

1972 साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर', हा मिळवणारी पहिली बाई. बिलबोर्डच्या कंट्री यादीत 16 गाणी पहिल्या क्रमांकावर, 11 एकटीची आणि 5 कॉन्वेसोबतची. 1988 मध्ये कंट्री हॉल ऑफ फेम, 2008 मध्ये गीतकारांचा हॉल ऑफ फेम, 2013 मध्ये ओबामांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. मला यातला गीतकारांचा मान महत्त्वाचा वाटतो.

शेवटची वर्षं कशी गेली?

दुःखं बरीच पाहिली. 1984 मध्ये मुलगा जॅक हरिकेन मिल्सच्या रँचवरची नदी घोड्यावरून ओलांडताना बुडाला, 34 वर्षांचा. 2013 मध्ये थोरली मुलगी गेली. मे 2017 मध्ये पक्षाघात झाला आणि कार्यक्रमांचे दौरे थांबले. जानेवारी 2018 मध्ये खुब्याचं हाड मोडलं. तरी 2021 साली पन्नासावा अल्बम आला, 'स्टिल वूमन इनफ'. 1966 च्या गाण्याला 55 वर्षांनी दिलेलं उत्तर. पुढच्या वर्षी झोपेतच गेली.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'कोल मायनर्स डॉटर', शब्द समोर ठेवून. मग 'फिस्ट सिटी', मूड बदलायला. मग थेट 'व्हॅन लिअर रोझ'. संकलनांतल्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची घाई करू नका, साथीला गोडमिट्ट व्हायोलिनं आहेत.

तिचं घर पाहता येतं का?

दोन आहेत. हरिकेन मिल्स हे अख्खं गावच म्हणावं असं ठिकाण तिने आणि डूने 1966 मध्ये विकत घेतलं. पांढऱ्या खांबांचा वाडा, संग्रहालय, तळ ठोकायची जागा. 1982 पासून तिथे हौशी मोटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा भरते, त्यामुळे अमेरिकेत कित्येक पोरांना 'लोरेटा लिन' म्हणजे मोटरसायकलींची शर्यत एवढंच माहीत असतं. रँचवरच तिला डूशेजारी पुरलं आहे. तिथे बुचर होलरच्या घराची हुबेहूब प्रतिकृतीही आहे, फोटो काढायला सोयीची.

खरं घर केंटकीतच आहे, घळीच्या टोकाला, अरुंद रस्त्यावर. लाकडी ओसरी, झोपाळा, आत भिंतींवर कुटुंबाचे फोटो. ते पाहायचं तर नॅशव्हिलहून वाकडी वाट करावी लागते. करा.